संगणकाचा कोर्स लावताय? पैसे भरण्याआधी एवढं तपासून घ्या

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ क्लासचे बोर्ड लागतात. 'शंभर टक्के नोकरी', 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट', 'आजच प्रवेश घ्या'. घरात सोयाबीनचे किंवा दुधाचे पैसे आलेले असतात आणि पोराला कोर्स लावायचा असतो. पण सर्टिफिकेट घेऊन घरीच बसलेली पोरंही प्रत्येक गावात आहेत. म्हणून कोणता कोर्स कुठे चालतो, ते आधी समजून घ्या.

सरकारी नोकरी हवी असेल तर

इथे जाहिरात सांगेल तेच सर्टिफिकेट कामाचं. राज्य शासनाच्या बऱ्याच पदांना एमएस-सीआयटी किंवा समकक्ष अर्हता लागते. एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेचा सीसीसी कोर्सही राज्यात समकक्ष धरला जातो. लिपिक-टंकलेखक पदाला याशिवाय मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं टायपिंग लागतं. ते नसेल तर नुसत्या एमएस-सीआयटीवर अर्ज टिकत नाही.

आयटीआयमधला एक वर्षाचा 'कोपा' ट्रेडही विसरू नका. महावितरणसारख्या कंपन्यांच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातींत कोपाच्या जागा येतात.

तालुक्यातच काम हवं असेल तर

कृषी सेवा केंद्र, होलसेल दुकान, सीएचं ऑफिस अशा ठिकाणी टॅली येणारा माणूस लागतो. पण मालक सर्टिफिकेट फार बघत नाही. तो संगणकासमोर बसवतो आणि खरेदी-विक्रीच्या चार एन्ट्री करायला लावतो, जीएसटीचं बिल काढायला सांगतो. त्यामुळे टॅलीच्या क्लासमध्ये रोज किती वेळ संगणक हातात मिळतो, हे आधी विचारा. एका संगणकावर तिघं बसत असतील तर ते शिकणं कागदावरच राहतं.

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीत जायचं असेल तर

नेटवर्किंगसाठी सिस्को कंपनीची सीसीएनए ही नावाजलेली परीक्षा आहे. परीक्षेचं शुल्क सुमारे ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या पुढे. क्लासची फी वेगळी. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, नंतर नूतनीकरण करावं लागतं. क्लाउडमधली ॲमेझॉनची प्राथमिक परीक्षा १०० डॉलरची आहे, तीही तीन वर्षंच चालते.

पण नुसत्या प्राथमिक सर्टिफिकेटवर नोकरी लागणं अवघड. बऱ्याच मोठ्या कंपन्या नवख्यांकडून आधी पदवी मागतात. बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा डिप्लोमा झालेल्या मुलाला सीसीएनएचा उपयोग होतो, कारण त्याच्या शिक्षणाला ती जोड मिळते. पदवी अर्धवट सोडून हजारो रुपये परीक्षेवर घालणं म्हणजे पाया न घालता पत्रे टाकणं.

सर्टिफिकेट नक्की कोणाचं?

फसगत जास्त होते ती इथेच. क्लास 'सीसीएनए कोर्स' म्हणतो आणि शेवटी स्वतःच्या शिक्क्याचा कागद देतो. तो कागद म्हणजे सिस्कोची परीक्षा पास झाल्याचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा कंपनीच्या मान्यताप्राप्त पद्धतीनेच होते आणि निकाल ऑनलाइन पडताळता येतो. म्हणून फी भरण्याआधी विचारा: परीक्षेचं शुल्क यात आहे का? परीक्षा कोण घेणार? नापास झालो तर पुन्हा किती भरायचे?

आणि 'नोकरीची हमी' देत असतील तर ती कागदावर लिहून मागा. पगार किती, कुठे आणि नाही लागली तर फी परत का, हेही लिहून घ्या. गेल्या बॅचच्या दोन-तीन मुलांशी स्वतः फोनवर बोला. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी फुकट शिकून बघा

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक धडे मराठीत, मोफत आहेत. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर कोर्स फुकट शिकता येतो, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेचे पैसे भरायचे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीतही प्राथमिक कोर्स मोफत आहेत. महिनाभर रोज एक तास शिका. गोडी लागली तर क्लास लावा. कंटाळा आला, तर फी वाचली असं समजा.

निर्णय कसा घ्यायचा?

१. हव्या त्या नोकरीच्या दहा जाहिराती मोबाईलवर वाचा.
२. त्यात कोणतं सर्टिफिकेट मागितलंय ते वहीत लिहा. सात-आठ ठिकाणी एकच नाव आलं तर ते घेण्यासारखं.
३. एकाही जाहिरातीत नाव नसेल, तर क्लासवाला काहीही सांगो, थांबा.
४. फी, परीक्षा शुल्क, एसटीचा पास आणि शहरात राहण्याचा खर्च एकत्र मांडा. सुरुवातीच्या पगारातून तो किती महिन्यांत निघेल ते बघा.
५. कर्ज काढून कोर्स करायचा असेल तर हा हिशोब घरच्यांसमोर बसून करा.

सर्टिफिकेट मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं. आत गेल्यावर विचारतात ते काय येतं तेच. घरात कोणी कोर्स लावायच्या विचारात असेल तर त्यांना ही माहिती नक्की पाठवा.