मावळचे कालवण आणि बोरघाटाची वाट

इतिहासाच्या व्याख्यानात स्वयंपाकघर आणणे काहींना गौण वाटण्याचा संभव आहे. मावळ म्हटले की लोहगड, विसापूर आणि शिवछत्रपतींचे मावळे डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या मावळ्यांच्या ताटात काय वाढले जात होते, हे आपण सहसा विचारीत नाही. परंतु गड लढविणाऱ्या माणसालाही भूक होती, आणि त्याच्या ताटातील तिखटाचा इतिहास गडाच्या इतिहासाहून कमी दूरवरचा नाही.

प्रथम शब्द पाहू. हॉटेलच्या दरपत्रकावरील ‘करी’ हा शब्द मूळचा तामिळकडचा; पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या तोंडून फिरून तो जगभर झाला. मावळच्या घरात तो नाही. तेथे कालवण आहे, रस्सा आहे, आमटी आहे, कोरड्यास आहे. ज्यात भात वा भाकरी कालवावयाची ते कालवण. मावळ हा भाताचा मुलूख. म्हणून येथला शब्दही पदार्थाला भातापासून वेगळा काढीत नाही. तो जेवणाऱ्या हाताची क्रियाच सांगतो.

आता तिखटाकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरे आहेत, आले आहे, हिंग आहे. मिरची मात्र नाही. असणे शक्यही नव्हते, कारण ती तेव्हा अमेरिकेत होती. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. या मार्गाने मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. तिला आपण नवे नावही दिले नाही; मिऱ्याच्याच कुळात बसवून तिला मिरची म्हटले.

ती इतकी रुजली याचे कारण चवीइतकेच पैशाचे आहे. मिरे मलबारहून यावयाचे आणि दाम मोजून घ्यावयाचे. मिरचीचे बी मात्र परसात टाकले की झाड येते. गरिबाच्या भाताला चव आणण्यासाठी व्यापाऱ्याची गरज उरली नाही. भुईमूग, बटाटा आणि टोमॅटो हेही त्याच अमेरिकेचे पाहुणे. म्हणजे ज्या झणझणीत रश्शाला आपण अस्सल मराठमोळा म्हणतो, त्याचे निम्मे साहित्य परदेशचे आहे! त्यामुळे तो आपला नाही असे मुळीच नव्हे. आपलेपणा बियाण्यात नसतो, हाताळणीत असतो.

मावळची हाताळणी पावसाने घडविली आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने वाळवण शक्य नाही. म्हणून चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवावयाच्या, धणे, खोबरे, खडा मसाला भाजून कांडावयाचा आणि वर्षाचा मसाला बरणीत भरावयाचा. कोकणातून आलेले सुकट-बोंबील याच बेगमीत. मग पावसात भातखाचरांतले खेकडे मिळाले की पाट्यावर वाटण वाटून कालवण होते. या साऱ्यामागे घरच्या स्त्रियांचे मनगट असे, आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

या घरच्या चवीला बाहेरच्या जगाची गाठ घालून दिली ती बोरघाटाने. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली. घाटाचा चढ मात्र १८६३ मध्येच पार झाला. त्या कामावर एके काळी चाळीस हजारांवर मजूर होते. पुढे लोणावळे हे थांबण्याचे, हवा खाण्याचे आणि अर्थात जेवण्याचे ठिकाण बनले. त्याच गावात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले, आणि हठयोगाचे ग्रंथ तर तिखट-आंबट अपथ्य मानतात. एकाच गावात दोन्ही मते सुखाने नांदत आली.

याच वाटेने मावळचा माणूस मुंबईस गेला, आणि तेथे त्याने केलेले काम आपल्या विषयाच्या अगदी मर्माचे आहे. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या भागांतले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी या व्यवस्थेचा पाया घातला असे मानले जाते. शहरात खाणावळी होत्या, उपाहारगृहे होती; तरीही घरच्या कालवणाची ओढ एवढी, की ते कचेरीपर्यंत पोहोचविण्यावर हजारो कुटुंबे जगली. २०२० च्या टाळेबंदीत ही सेवा थांबली, आणि नंतर पूर्वीची संख्या राहिली नाही.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि रस्त्याकाठच्या हॉटेलांत गर्दी वाढली. तेथे कांदा-टोमॅटोचा एकच रस्सा मोठ्या पातेल्यात शिजवितात आणि मागणीनुसार त्यात भाजी, पनीर किंवा कोंबडी घालतात. यात हॉटेलवाल्याचा दोष नाही. शंभर पाने एकदम वाढावयाची तर दुसरा उपाय नसतो. त्याचे जेवणही आपण मिटक्या मारीत जेवतो. पण परिणाम असा, की घरोघरी निराळी असणारी चव रस्त्यावर एकसारखी होते, आणि ती एकसारखी चव हळूहळू घरातही शिरते.

‘सूपशास्त्र’ हे मराठीतील आरंभीचे छापील पाकपुस्तक १८७५ साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि घरोघरी पोहोचले. पण ही विद्या मुख्यतः शहरी, पांढरपेशा घरांची. मावळच्या शेतकरणीचे प्रमाण तिच्या मुठीत आणि चिमटीत राहिले. तो हात थांबला की ते प्रमाणही संपते. गडाचा बुरूज ढासळला तर निदान दगड उरतात. चवीचे तेवढेही उरत नाही.

म्हणून एकच विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्या बाईंना विचारून मिरच्या कोणत्या, धणे किती, खोबरे केवढे भाजावयाचे, हे वहीत टिपून ठेवा, आणि खाली त्यांचे नाव व गावही लिहा. इतिहासाचे साधन म्हणतात ते याहून वेगळे नसते.