समुद्राचा तज्ज्ञ कोण ठरवतो?

जहाज बांधायचे तर आराखडा लागतो. त्यात किती माल भरायचा, कुठे भरायचा, ते किती खोल बसेल, वादळात कलंडेल की सावरेल, याचा हिशेब लागतो. आज हे काम नौकावास्तुविशारद, मरीन सर्व्हेअर आणि सल्लागार करतात. त्यांच्या सहीशिवाय जहाजाचा विमा उतरत नाही. भरपूर मोबदल्याचे, मानाचे हे काम. आपल्या वस्तीतल्या पोराला मात्र असा धंदा असतो हेच ठाऊक नसते. का नसते, याला मोठा इतिहास आहे.

पाली जातकांत सुप्पारक जातक आहे. भरुकच्छ म्हणजे आजच्या भडोचच्या नावाड्यांच्या प्रमुखाचा मुलगा सुप्पारक. त्याचे नाव आपल्या सोपाऱ्याचेच, जिथला स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. खाऱ्या पाण्याने सुप्पारकाचे डोळे गेले. मग तो राजाकडे वस्तूंची पारख करू लागला. हत्तीला नुसता हात लावून त्याचे मागचे पाय कमजोर आहेत हे त्याने सांगितले. राजाने हातावर आठ कार्षापण ठेवले. (इथे कथा राजाला न्हाव्याचा पोर म्हणून हिणवते. जातकांतही जात शिरली आहे, ते लपवायचे कारण नाही.) सुप्पारक नोकरी सोडून घरी आला. सातशे व्यापारी जहाज घेऊन निघाले होते, त्यांनी त्यालाच नेले. तो म्हणाला, मी आंधळा आहे. ते म्हणाले, आंधळा असलास तरी आमच्यात तूच जाणता.

जहाज भरकटले. व्यापारी दिसेल ते सांगत आणि सुप्पारक समुद्र ओळखत गेला. एका समुद्रात हिरे होते. व्यापाऱ्यांना कळले तर ते हावरटासारखे भरतील आणि जहाज बुडेल, हे त्याने जाणले. म्हणून मासे धरायचे निमित्त करून त्याने जाळे टाकले, हिरे घेतले आणि तेवढाच हलका माल समुद्रात फेकला. भार आणि तोल यांचा सल्ला याहून वेगळा काय असतो? बोधिसत्त्व इथे हातात जाळे घेतलेला नावाडी आहे.

आता मनुस्मृती उघडा. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणते ब्राह्मण बोलावू नयेत याची यादी आहे. घर जाळणारा, विष देणारा, तेल गाळणारा आणि समुद्रप्रवास करणारा एकाच श्लोकात बसवले आहेत. बौधायन धर्मसूत्रात तर समुद्रप्रवास हे पतित करणारे कृत्य आहे. ज्यांनी विद्येवर मक्तेदारी सांगितली त्यांनीच समुद्राला विटाळ ठरवले. त्यामुळे समुद्र काही थांबला नाही. कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान खलाशी तो चालवत राहिले. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांसाठी इंग्रजांशी झुंजले ते मायनाक भंडारी आणि दौलतखान. पण त्यांच्या ज्ञानाला शास्त्र म्हटले गेले नाही, ‘जातीचा धंदा’ म्हटले गेले. शास्त्र म्हटले की शाळा येते, पुस्तक येते, पदवी येते. जातीचा धंदा म्हटले की नुसती मजुरी उरते.

मुंबईच्या गोदीत थोडे वेगळे घडले. १७३६ मध्ये सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार. त्यांच्या घराण्याने मलबारच्या सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधली. १८१७ मध्ये इथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. याच घराण्यातले अर्देशीर खरशेटजी १८४१ मध्ये मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होणारे ते पहिले भारतीय. तरी मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्राने ओरड केलीच, की नेटिव्ह कितीही हुशार असला तरी अशा कारखान्याचा प्रमुख कसा? रॉयल सोसायटीचा शिक्का असूनही ‘मेरिट’ कमी पडले! आरक्षणावर बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि आपणही एक लक्षात ठेवावे. वाडियांची नावे राहिली, कारण घराण्याकडे पद होते, पैसा होता, विलायतेची वाट होती. सागवान तासणारे, फटी बुजवणारे हात मात्र इतिहासात निनावी आहेत.

बाबासाहेबांनी ही गाठ नेमकी पकडली. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी नुसत्या कारकुनीच्या जागा मागितल्या नाहीत. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, परदेशी शिक्षणाला पैसे द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवारीवर घ्या, असे त्यांनी मांडले. स्वतः कायद्याचे पंडित असलेला माणूस हे मागतो, यातच सगळे आले. गोदीत आणि रेल्वेत आपली माणसे तेव्हाही राबत होती. बाबासाहेबांना त्यांच्या पोरांच्या हातात आराखडा हवा होता.

आज अभ्यासिकेत विचारा, उत्तर ठरलेले: पोलीस भरती, नाहीतर एमपीएससी. त्यात वाईट काही नाही. पण २००८ मध्ये स्थापन झालेली इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी केंद्रीय विद्यापीठ आहे. मरीन इंजिनिअरिंग आणि नौकाबांधणीचे अभ्यासक्रम तिथे आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागते आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अनुसूचित जातींसाठी जागा राखीव आहेत. फी जड आहे, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरावा लागेल. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी अशा दोन मुलांची परीक्षा फी भरायची का, हा विषय पुढच्या बैठकीत घ्या.