न वाकणारा बाण चुकतो

या मालिकेत आपण बहुतेक वेळा पुस्तकांबद्दल आणि विचारांबद्दल बोलतो. आज एका काठीबद्दल बोलायचे आहे. काठी लहान आहे, पण तिने आम्हांला बराच काळ अडचणीत ठेवले, म्हणून हा विषय घेतला.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक बाण ठरलेला असतो. तो झेनोचा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक विचारवंत म्हणतो की, उडत्या बाणाचा कोणताही एक क्षण घ्या. त्या क्षणी बाण आपल्या लांबीएवढी जागा व्यापून असतो, म्हणजे स्थिर असतो. प्रत्येक क्षणी स्थिर, तर मग तो हलतो कधी? अ‍ॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या सहाव्या भागात याला उत्तर दिले की काळ हा अशा सुट्या क्षणांचा बनलेला नसतोच. वाद तिथे संपला नाही, पण आजचा मुद्दा तो नाही.

आम्ही हा विरोधाभास वर्षानुवर्षे शिकवला. फळ्यावर एक सरळ रेघ ओढायची, टोकाला त्रिकोण काढायचा, झाला बाण. एका वर्षी नंदुरबारकडच्या डोंगरातला एक भिल्ल मुलगा वर्गात होता. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, बाण असा नसतो. सुटला की तो वळवळतो. माझा आजा म्हणतो, कडक काठीचा बाण नीट जात नाही." आम्ही हसून म्हणालो, "अरे, झेनोच्या मुद्द्याला त्याने काही फरक पडत नाही." तर्काच्या दृष्टीने आमचे बरोबर होते. पण तो मुलगा आम्हांला एक दुसराच विरोधाभास सांगत होता आणि आम्ही तो ऐकला नाही.

तो दुसरा विरोधाभास आता नीट मांडू. जुने साधे लाकडी धनुष्य डोळ्यांसमोर आणा. उजव्या हाताने दोरी ओढणारा माणूस धनुष्य डाव्या हातात धरतो आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकवतो. धनुष्याची मूठ चांगली जाड असते आणि बाणाला तिच्या आरपार जाता येत नाही. दोरी न ओढता बाण नुसता लावून बघा. मागचे टोक मधल्या दोरीवर, पुढचा भाग मुठीच्या बाजूला. म्हणजे बाण लक्ष्याच्या डावीकडे तोंड करून असतो. दोरी पूर्ण ओढली की हा तिरकेपणा कमी होतो आणि बाण जवळजवळ लक्ष्याकडे बघतो. पण दोरी सोडली की ती परत मधल्या जागेकडेच येणार ना? म्हणजे बाण पुढे सरकता सरकता पुन्हा डावीकडे वळला पाहिजे. हिशेबाने प्रत्येक बाण डावीकडे चुकायला हवा. प्रत्यक्षात मात्र चांगला बाण समोर जाऊन बसतो. अमेरिकेतले डॉक्टर आणि अनेक वेळचे राष्ट्रीय विजेते तिरंदाज रॉबर्ट एल्मर यांच्यामुळे विसाव्या शतकात याला 'तिरंदाजाचा विरोधाभास' हे नाव रूढ झाले.

याचे उत्तर तुमच्या घरात आहे. खराट्याची एक काडी घ्या. एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसरे टोक बोटाने दाबा. काडी मध्ये फुगते, कमान होते. लांब आणि बारीक वस्तूला टोकाकडून रेटले की ती बाजूला वाकते. हे गणित ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडले. बाणाचे हेच होते. दोरी त्याला मागून एकदम रेटते, पुढच्या टोकाला जड फाळ असतो, तो जागचा हलायला वेळ लावतो. त्यात आणखी एक भर पडते. बोटांवरून दोरी घसरते तेव्हा ती अगदी सरळ सुटत नाही, किंचित बाजूला सरकून मग पुढे जाते. तो बाजूचा धक्का बाणाच्या शेपटाला बसतो.

मग काय होते? आधी बाणाचा मधला भाग धनुष्याकडे फुगतो. लगेच उलटा होऊन धनुष्यापासून लांब जातो. आणि तिसऱ्या वळणाला पुन्हा पहिल्या बाजूला येतो, तेव्हा मागची पिसे मुठीला न घासता बाहेरून निघून जातात. बाण जणू धनुष्याला वळसा घालून जातो. हे सगळे सेकंदाच्या अगदी लहान अंशात. पुढे हवेतही तो काही वेळ थरथरत राहतो, मग शांत होतो. दांडी फार कडक असेल तर वळसा पुरा होत नाही आणि बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो. सरळ जायचे तर धनुष्याच्या ताकदीला शोभेल एवढेच वाकले पाहिजे. त्या मुलाचा आजा बरोबर होता.

आता इतिहासाकडे येऊ. हे लोकांना कधीपासून ठाऊक होते?

१५४५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी केंब्रिजच्या रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाने 'टॉक्सोफिलस' नावाचे पुस्तक काढले. तिरंदाजीवर इंग्रजीत छापलेले हे पहिले पुस्तक. त्याची रचना प्लेटोच्या वळणाची आहे, दोघांचा संवाद. एक धनुष्यप्रेमी, दुसरा विद्याप्रेमी. अ‍ॅस्कम बाणासाठी १५ प्रकारची लाकडे मोजतो आणि युद्धासाठी अ‍ॅश वृक्षाचे लाकूड बरे म्हणतो. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची जागा वेगळी आहे. दांडीच्या पुढच्या भागाला तो 'छाती' म्हणतो. जोराने समोर मारणाऱ्याच्या बाणाला भरदार छाती हवी, कारण तिला धनुष्याचे बळ पेलायचे असते. हात खाली धरून मारणाऱ्याला बारीक छातीचा बाण हवा, म्हणजे तो धनुष्यातून स्वच्छ निघतो. बघा, या उताऱ्यात वाकण्याचा शब्द नाही. पेलणे आहे आणि स्वच्छ निघणे आहे. कारण सांगितलेले नाही, पण परिणाम अचूक पकडला आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धजहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला. जहाजावर शंभराहून जास्त धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. आणि गंमत अशी की त्यांतले बहुतेक बाण अ‍ॅशचे नव्हते, पॉप्लरच्या हलक्या लाकडाचे होते. पुस्तक एक सांगते, जहाज दुसरे. अ‍ॅस्कम ज्या कारागिरांबद्दल लिहीत होता, त्यांनी त्याचा सल्ला घेऊन काम चालवले नव्हते.

आणखी एक गोष्ट. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे १३७१ साली वेगळे झाले. बाण करणाऱ्यांनीच नगरप्रमुखाकडे तशी मागणी केली होती. म्हणजे धनुष्य एकाच्या हातचे, बाण दुसऱ्याच्या हातचे. मग या धनुष्याला हा बाण जुळतो की नाही, हे बघायचे कुणी? आमचा तर्क असा की तो भार मारणाऱ्यावरच पडला. मूठभर बाण मारायचे, जे एका जागी पडतात ते ठेवायचे, जे भटकतात ते बाजूला काढायचे. ज्ञान होते, पण ते वाक्यात नव्हते. ते निवडण्यात होते.

आपल्याकडे 'शर' हा शब्दच बघा ना. संस्कृतात शर म्हणजे बाण, आणि शर म्हणजे ज्याच्या काडीचा बाण होतो ते उंच गवतही. गवताची काडी लवचीक असते. भाषेने बाणाला नाव दिले ते त्या काडीचे.

यानंतर जवळजवळ ४०० वर्षांची उडी मारू, कारण ही वळवळ खात्रीने बघता आली ती विसाव्या शतकात. डोळ्याला ती नीट दिसत नाही. घोडा पळताना चारही पाय एका वेळी उचलतो का, कसे उचलतो, याचा निकालही माणसाला १८७८ साली मायब्रिजच्या छायाचित्रांनी लावून दिला. तोवर चित्रकार शतकानुशतके घोडा चुकीचा काढत होते. आम्ही फळ्यावर बाण काढत होतो तसाच!

बाणाचा मायब्रिज म्हणजे क्लॅरेन्स हिकमन. हे भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करत आणि स्वतः तिरंदाज होते. १९३० च्या दशकात त्यांनी सेकंदाला हजारो चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने सुटता बाण पकडला. पडद्यावर तो सापासारखा मुठीला वळसा घालताना दिसला. पॉल क्लॉपस्टेग या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४३ साली अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात धनुष्यबाणाचे विज्ञान एकत्र मांडले.

इथे थोडे थांबू. चित्रफीत म्हणजे काय? स्थिर चित्रांची माळ. प्रत्येक चित्रात बाण जागच्या जागी उभा. हा तर साक्षात झेनोचा बाण झाला. बर्गसाँ यांनी १९०७ मध्ये तक्रार केली होती की आपली बुद्धी चलच्चित्रासारखी चालते, गतीचे तुकडे करते आणि गती हरवते. पण हिकमनच्या एका चित्राकडे नीट बघा. बाण स्थिर आहे, आणि तरी तो वाकलेला आहे. त्या वाकण्यात दोरीने दिलेला रेटा दिसतो. झेनोच्या बाणाला एका क्षणी फक्त जागा असते. खऱ्या बाणाला त्या क्षणी ताणही असतो. झेनो यामुळे खोटा ठरला असे आम्ही म्हणत नाही. पण 'क्षणाला काहीच घडत नसते' हे म्हणणे तेवढे सोपे राहत नाही. आणि आमच्या वर्गातला मुद्दा त्या मुलाच्या बोलण्याने समृद्ध झाला असता, हे आज कबूल करावे लागते.

चित्रफितीनंतर आकडे आले. दांडी किती वाकते याच्या मापाला इंग्रजीत 'स्पाइन' म्हणतात, म्हणजे कणा. जुनी पद्धत अशी होती. २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवायची, मध्ये दोन पौंडांचे वजन टांगायचे आणि ती किती इंच झुकते ते मोजायचे. २६ ला त्या आकड्याने भागले की किती पौंडांच्या धनुष्याला ती दांडी शोभते ते कळे. ०.५२ इंच झुकली तर ५० पौंड. आपण माणसाचा कणा ताठ असावा म्हणतो. बाणाचा कणा मोजतात तो मात्र तो किती झुकतो यावरून.

आता खरा प्रश्न. १३७१ च्या बाणकाराला, अ‍ॅस्कमला, त्या आज्याला हे माहीत होते की नव्हते? इथे दोन टोके आहेत आणि दोन्ही आम्हांला पटत नाहीत. एक म्हणणार, पूर्वजांना सगळे ठाऊक होते, विज्ञानाने नवे काय सांगितले? असे आमच्या श्रोत्यांतही कुणीतरी म्हणतेच, आणि अभिमानाने म्हणते. दुसरा म्हणणार, कॅमेरा येईपर्यंत नुसते अंदाज होते. आम्ही स्वतः बराच काळ या दुसऱ्या बाजूला होतो. शिकलेल्या माणसाला ती सोयीची असते.

गिल्बर्ट राइल यांनी १९४५ साली, म्हणजे 'टॉक्सोफिलस'नंतर बरोबर ४०० वर्षांनी, एका व्याख्यानात 'करता येणे' आणि 'अमुक असे आहे हे ठाऊक असणे' यांत फरक केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कुशल माणूस आधी मनात नियम वाचून मग कृती करत नाही, त्याची कृतीच बुद्धीची असते. हे मान्य केले तर बाणकाराला माहीत होते, नक्कीच होते. पण राइल यांच्या पुढे जाऊन एक गोष्ट म्हणावी लागते. हातातले ज्ञान ओळखीच्या सामानात चालते. १९४० च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे बाण आले, पुढे कार्बनचे आले. त्यांना लाकडाचा अनुभव लावता येईना. तिथे आकडा कामाला आला, कारण आकडा एका लाकडाला किंवा एका हाताला बांधलेला नसतो. हाताचे ज्ञान खोल असते, आकड्याचे ज्ञान प्रवास करते. दोघांना एकमेकांची जागा घ्यायला लावले की दोघांचेही नुकसान होते.

आजचेच बघा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्यात जगज्जेते झाले. या धनुष्यात बाण मधूनच जातो आणि दोरी बोटांनी न सोडता हातातल्या छोट्या यंत्राने सोडतात. म्हणजे बाजूचा धक्का जवळजवळ गेला. तरी बाण वाकतोच, फक्त आता मुख्यतः वर-खाली, आणि म्हणून या खेळाडूंनाही कणा मोजूनच बाण निवडावा लागतो.

तो मुलगा पुढे काय करतो, आम्हांला ठाऊक नाही. त्याने त्या दिवशी वाद घातला नाही, वही मिटली आणि गेला. त्याच्या आज्याने ते कुठून शिकले, कोणत्या काठीला कडक म्हणायचे, बोटांनी कसे ओळखायचे, हे आम्ही विचारले असते तर आज या व्याख्यानात एक जास्तीची गोष्ट असती. ती नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, गावी तिरकामठा वापरणारे म्हातारे माणूस असेल, तर तेवढे विचारून ठेवा.