जुन्या गावठाणात, उलट्या पावली

किल्लारीच्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही जुन्या गावठाणात शिरा. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव दूर माळावर आहे, आखीव रस्त्यांचं. इथे वेडी बाभूळ माजली आहे. पाऊल टाकाल तिथे दगड हलतो. देवळाचं जोतं गवतात चाचपावं लागतं. देव उचलून नव्या गावात नेता आले. वेशीजवळचा पार कसा नेणार? गावाच्या कडेला कबरस्तान, आणि शेताच्या बांधाला लिंगायत घराण्यांच्या समाध्या. मांडी घालून बसवलेले, हातात इष्टलिंग घेतलेले आजे-पणजे तिथेच आहेत. पूर्वी शेतावर जाता-येता त्यांच्यावर फूल पडायचं. आता त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागते.

इथून मागे चला.

1990च्या दशकाचा उत्तरार्ध. ढिगाऱ्यातून सागवानी तुळया, चौकटी, जात्याच्या तळ्या निघताहेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी बसवली जात आहेत. जागतिक बँकेचं कर्ज आहे, देशभरातल्या संस्थांचा हात आहे. किती जमीन त्यावर घर किती मोठं, हे ठरतं. आराखड्यात शाळा आहे, समाजमंदिर आहे. उघड्यावर पडलेल्यांना आधी छप्पर द्यायचं, हे योग्यच होतं. पण नव्या गावातून पूर्वजांपर्यंत रोजची पायवाट कशी राहील, हा प्रश्न नकाशावर यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. गाव हलवताना घरं मोजली गेली, नाती मोजायची राहिली.

आणखी मागे. ऑक्टोबर 1993. पाऊस थांबत नाही. नाकाला फडकी बांधलेले जवान ढिगारे उपसताहेत. घरांचीच लाकडं रचून एकेका चितेवर अनेकांना अग्नी दिला जातोय; कुणाची रीत कोणती, हे पाहायला उसंत नाही. सरकारी मोजणीत मृतांचा आकडा 7,928 वर जाईल.

30 सप्टेंबर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. इथे थांबू नका, ओलांडून जा. दगड भिंतींवर चढतात, माळवदं जागेवर बसतात, आणि तुम्ही आदल्या रात्री उभे राहता. गणपतीचं विसर्जन नुकतंच झालं आहे. रस्त्यावर गुलाल आहे. लेझीम खेळून दमलेली पोरं घराकडे निघाली आहेत.

1992चा हिवाळा. किल्लारीला जमीन वारंवार हादरते आहे. माणसं बाजा अंगणात टाकून झोपतात. मग हादरे कमी होतात, थंडी वाढते, आणि एकेक बाज पुन्हा आत जाते. त्यांना कुणी बेसावध म्हणू नये. दख्खनचं हे कातळी पठार स्थिर आहे, असंच तोवर जाणकारही मानत होते.

आता वर्षं भराभर सोडा आणि नजर छपरावर ठेवा. गळती नको म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. तुम्ही मागे जाताय, म्हणून दर वर्षी तो एकेक थर उतरतोय. खालचे खांब, तुळया, किलचनं यांच्यावरचा भार हलका होतोय. 1972 येतं: विहिरी कोरड्या, आणि घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. त्याही मागे, निजामाच्या अमलात, छप्पर अजून पातळ. आणि मग एका सकाळी छप्परच नाही. भिंत कंबरेएवढी आहे.

वाकून तिच्या पोटात पाहा. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवील असा आरपार जाणारा लांब दगड कुठेच नाही. पुढे भूकंपानंतर अभियंते उरलेल्या घरांच्या भिंतींना भोकं पाडून नेमका हाच सांधा घालायला सांगतील. आज तो कुणाला ठाऊक नाही.

"मिस्त्री, भित रुंद धरा," मालक सांगतो. "उन्हाळ्यात लेकरं गार झोपली पाहिजेत."

"धरली की. अडीच हात हाय."

"आन् दार त्या अंगाला ठिवा." तो शेताकडे हात करतो, बांधावरच्या ताज्या समाधीकडे. "सकाळी उठल्याबरोबर बाप दिसला पायजे."

गवंडी उंबऱ्याचे दगड उचलतो आणि दाराची जागा हातभर सरकवतो.