शिलेदाराचा घोडा आणि घरचे औषधपाणी

सभासदाच्या बखरीतला अफझलखानाच्या वधाचा प्रसंग आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. शामियाना, भेट, वाघनखे आणि मग जावळीच्या रानात झालेली धावपळ एवढे वाचून झाले की वाचक सहसा पुढच्या स्वारीकडे वळतो. त्याच्या लगेच मागे आलेले छोटेसे टिपण त्यामुळे निसटून जाते. त्या लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना सेवेत घेऊन चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धे वेतन बांधून दिले. जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, असा त्याचा आशय आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत राजारामांच्या आज्ञेवरून लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाला चाळीसएक वर्षांपूर्वीच्या, १६५९ सालच्या, विजयाबरोबर हा हिशेबही नोंदवावासा वाटला, ही गोष्ट लहान नाही. लढाई जिंकल्यावर राज्यकर्त्याची नजर प्रथम कुठे जावी, याचे एक उत्तर त्याने देऊन ठेवले आहे. ती सैनिकाच्या घरावर जावी.

हे घर कोणाचे होते? मराठी फौजेतला मोठा भाग बारमाही शिपायांचा नव्हता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे, हे त्या फौजेचे वर्ष. उरलेले महिने नांगराचे. आजच्या भाषेत ज्याला अर्धवेळ सेवा म्हणता येईल, ती आपल्याकडे अपवाद नव्हती, रीत होती. या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. तो मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. त्याला मान अधिक होता, पण घोडा पडला की त्याची रोजीच पडे. पुढे पेशवाईच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत पडलेल्याच्या पोरांच्या पोषणासाठी दिलेली ती नेमणूक. म्हणजे शिपाई गेल्यावर घराचे काय, याला काहीतरी उत्तर होते. शिपाई जिवंत आहे, पण मोहिमेवर आहे, आणि घरी मूल तापाने फणफणले आहे, या प्रश्नाला मात्र भाऊबंदकी आणि गावचा वैद्य याखेरीज उत्तर नव्हते.

या जुन्या प्रश्नाकडे मी आज वळलो तो धाटावमुळे. रोह्याच्या शेजारी, भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी घेऊन वाहणाऱ्या कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. भाताच्या खाचरांच्या जागी रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि शेतकऱ्यांची मुले पाळ्यांमध्ये काम करू लागली. कोकणातल्या घरांना दोन वाटा पूर्वीपासून ठाऊक होत्या, एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. धाटावने तिसरी वाट दाराशी आणली. पण पहिल्या दोन वाटांचा ओढा संपला नाही, आणि कारखान्यातली नोकरी सांभाळून लष्करी गणवेशही मिळावा, अशी इच्छा असणाऱ्या तरुणासाठी प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, हा मार्ग आजही उघडा आहे. त्या मार्गावर पाऊल टाकण्यापूर्वी त्याने कोणता हिशेब मांडावा, हा या लेखाचा विषय.

योगायोग असा की या हिशेबाच्या दोन्ही बाजू एकाच वर्षी, एकाच विधिमंडळात तयार झाल्या. कर्मचारी राज्य विमा कायदा १९ एप्रिल १९४८ चा आणि प्रादेशिक सेना कायदा १० सप्टेंबर १९४८ चा. मध्ये पाच महिनेसुद्धा नाहीत. पहिल्यामागे बराच विचार होता. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची चर्चा १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनपासून चालली होती. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ मध्ये, बी. पी. आडारकरांनी सक्तीच्या आणि वर्गणीवर आधारलेल्या विम्याची योजना सादर केली. तिच्यातून पुढे हा कायदा आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, तेव्हा देशाच्या अर्थखात्यावर रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव देशमुख होते. मुंबईला ती १९५४ मध्ये पोहोचली. आरंभी औषधोपचार फक्त कामगाराला मिळे. कुटुंबापर्यंत तो त्यानंतर टप्प्याटप्प्याने गेला. आणि गेला तरी कोकणच्या गिरणी कामगाराची बायकापोरे गावी, दवाखाना परळला, अशी अवस्था होतीच. विमा माणसाला मिळाला, घराला मिळायला अंतर आडवे आले.

दुसऱ्या कायद्यातून उभी राहिलेली प्रादेशिक सेना ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते सुरू झाली. ‘नागरिकांची फौज’ हे तिचे वर्णन. तिची मूळ अटच अशी की येणाऱ्याला स्वतःचे पोटापाण्याचे साधन असले पाहिजे. ही सेना पूर्णवेळ नोकरीची किंवा निवृत्तिवेतनाची हमी देत नाही. वर्षातून सुमारे दोन महिने प्रशिक्षण, आणि गरज पडली की प्रत्यक्ष सेवेचे बोलावणे. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत आणि १९९९ च्या कारगिल मोहिमेत अशी बोलावणी झाली. मे २०२५ मध्येही बत्तीसपैकी चौदा पायदळ पलटणींना सेवेत घेण्याचा अधिकार केंद्राने लष्करप्रमुखांना दिला. सेवेच्या काळात पगार, उपचार आणि अपंगत्व आल्यास मिळणारे संरक्षण नियमित जवानासारखेच. पलटणीतून घरी पाठवले की मात्र तो पुन्हा साधा नागरिक.

आता शिलेदाराची आठवण होते. नियमित जवान हा बारगीर आहे. त्याचा घोडा, म्हणजे त्याच्या घराचे औषधपाणी, सरकारी पागेतले. प्रादेशिक सेनेतला जवान स्वतःचा घोडा घेऊन येतो, आणि तो घोडा म्हणजे त्याची नोकरी. कुटुंबाचा आरोग्यविमा त्या घोड्याच्या खोगिराला बांधलेला असतो.

हे बांधलेपण आकड्यांत पाहू. २०१७ च्या जानेवारीपासून विमा योजनेसाठी वेतनाची कमाल मर्यादा एकवीस हजार झाली. २०१९ च्या जुलैपासून कामगाराची वर्गणी पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के ठरली. म्हणजे एकवीस हजारांवर कामगाराचे १५७ रुपये ५० पैसे, मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे, आणि एवढ्यात आईवडील-बायकोमुलांसकट औषधोपचार. कोणत्याही खाजगी कंपनीची पॉलिसी या दराच्या जवळपास येत नाही. पण याला दुसरी बाजू आहे. आजारपणाचा भत्ता मिळायचा तर सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागे. अर्ध्या वर्षात कामाचे दिवस सुमारे १५६ धरले आणि दोन महिने प्रशिक्षणात बिनपगारी गेले, तर शंभरावर दिवस उरतात, घोडा तरतो. चार महिन्यांचे बोलावणे आले तर पन्नासच्या आसपास उरतात, घोडा बसतो. ज्या माणसाला देशाने अधिक काळ मागितले, त्याचीच वर्गणी अपुरी पडते. यात कोणाचा दुष्टावा नाही. दोन कायदे एकमेकांकडे न पाहता लिहिले गेले, एवढेच.

प्रादेशिक सेना कायद्याच्या सातव्या कलमात, सेवेहून परतलेल्याला मालकाने पूर्वीच्या नोकरीत परत घ्यावे, असे बंधन आहे; नाकारल्यास भरपाईची तरतूद आहे. कायम कामगाराला याचा आधार खराच. कंत्राटी कामगाराचे काय? तो परतेपर्यंत कंत्राटच बदलले असेल, तर परत घेणारा मालक शोधायचा कुठे? आणि एकवीस हजारांच्या वर गेलेल्याला राज्य विमा नाही. त्याची भिस्त कंपनीच्या सामूहिक पॉलिसीवर, नाहीतर १९८६ साली सुरू झालेल्या मेडिक्लेमच्या वाटेने स्वतः घेतलेल्या विम्यावर. अशा वैयक्तिक विम्यावरचा अठरा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, हप्ता मात्र उरलाच.

मग लष्कराकडून घराला काही मिळते का? माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. प्रादेशिक सेनेतल्या माणसाला ती साधारणपणे तेव्हाच लाभते, जेव्हा त्याने निवृत्तिवेतन मिळवलेले असते. आणि त्यासाठी जवानाला प्रत्यक्ष सेवेची पंधरा वर्षे भरावी लागतात. दरसाल दोन महिने भरणाऱ्याला हे गणित एका जन्मात सुटायचे नाही. अमेरिकेने २००५ पासून राखीव सैनिकांना सवलतीच्या हप्त्यात लष्करी आरोग्यविमा कुटुंबासह विकत घेण्याची मुभा दिली. तिथे महिन्यातला एक शनिवार-रविवार गणवेशात घालवणारा माणूस बायकोमुलांच्या विम्यासाठीही भरती होतो. हा आदर्श मानावा असे मी म्हणणार नाही. औषधाच्या चिठ्ठीसाठी बंदूक उचलावी लागणे यात एक कारुण्य आहे. पण निदान त्या व्यवस्थेने प्रश्न ओळखला आहे.

धाटावच्या तरुणाला एक आधार तिसऱ्याच दिशेने आला आहे. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली. तिचे महत्त्व केवळ रकमेत नाही. तिचा हक्क हजेरीपटाला किंवा पलटणीच्या बोलावण्याला बांधलेला नाही, घराच्या शिधापत्रिकेला बांधलेला आहे. घोडा असो वा पडो, घर मोजले जाते. अर्थात ती ठरावीक उपचारांपुरती, मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यापुरती. रोजचा ताप, आईचा मधुमेह, मुलाचा दमा तिच्या बाहेर राहतात. आणि औषधपाण्याचा खरा खर्च घराला असतो तो या रोजच्याच दुखण्यांचा.

१९४८ चा विमा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. जुनी कलमे नव्या ठिकाणी बसवण्याच्या या काळात एक साधी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. पलटणीत गेलेले दिवस कारखान्यातल्या वर्गणीचे दिवस म्हणून धरावेत, आणि त्या दिवसांची वर्गणी संरक्षण खात्याने भरावी. एकवीस हजार पगारावर ती महिन्याला आठशे चाळीस रुपये होते. एवढ्या रकमेत सरकारला एका शिलेदाराचा घोडा जिवंत ठेवता येईल.

गणवेशाचा मोह खोटा नसतो, देशाविषयीची ओढही खोटी नसते. पण घरात तो निर्णय बहुधा बाईच्या एका प्रश्नावर अडतो: तुम्ही तिकडे असताना पोर आजारी पडले तर? सभासदाने जखमांच्या होनांची यादी लिहिली, त्यात या प्रश्नाची अर्धी ओळख होती. उरलेली अर्धी तीनशे वर्षे झाली तरी लिहायची राहिली आहे.