'डोन्ट गो इन द वुड्स' आणि घाबरलेली संसद

परवा रात्री 'डोन्ट गो इन द वुड्स' हा १९८१ चा अमेरिकन भयपट पाहिला. युटाच्या डोंगरात चार तरुण तंबू-बिंबू घेऊन भटकायला जातात आणि कातडी पांघरलेला एक रानटी माणूस दिसेल त्याला कापत सुटतो. एवढीच गोष्ट. आवाज मागाहून भरलेले. व्हीलचेअरवरचा एक माणूस घामाघूम होत डोंगर चढतो, कसाबसा वर पोचतो आणि तिथेच त्याचं मुंडकं उडतं. भीती राहू द्या, मला हसू आवरेना.

पण ह्याच सिनेमाच्या कॅसेट ब्रिटनमध्ये पोलीस जप्त करत होते!

झालं असं, की १९८० च्या सुमारास तिथे घरोघरी व्हिडिओ आला. थिएटरातल्या सिनेमाला सेन्सॉर होता, कॅसेटला नव्हता. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात वाट्टेल ते भाड्याने मिळू लागलं. वर्तमानपत्रांनी 'व्हिडिओ नॅस्टी' हा शब्द चालवला, नीतिरक्षक मेरी व्हाइटहाउस बाईंनी मोहीम उघडली. सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयाने संशयित सिनेमांची यादी काढली. ती सारखी बदलायची. एकूण ७२ सिनेमे तिच्यात येऊन गेले, त्यांत आपला हा तंबूवालाही. खटले १९५९ च्या अश्लीलताविरोधी कायद्याखाली. गंमत म्हणजे एका गावात निर्दोष सुटलेली कॅसेट दुसऱ्या गावात अश्लील ठरायची. दुकानदाराने करायचं काय?

१९८३ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या पक्षाने जाहीरनाम्यातच कायद्याचं आश्वासन दिलं. ग्रॅहम ब्राइट या खासदाराने विधेयक आणलं. त्याच सुमारास एक पाहणी गाजली: सहा वर्षांच्या मुलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त मुलांनी म्हणे असे सिनेमे पाहिलेत. आकडा ऐकून कोण गप्प बसेल? पुढे दुसऱ्या संशोधकांनी ११ वर्षांच्या मुलांना अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांची नावं दिली, तर ६८ टक्के पोरं म्हणाली, "पाहिलाय की!" मला नवल वाटलं नाही. आम्ही शाळेत असताना न पाहिलेल्या 'वीराना'ची अख्खी स्टोरी मधल्या सुट्टीत रंगवून सांगायचो.

तरी १९८४ मध्ये कायदा झाला. सिनेमांच्या कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं. आता, लहान मुलांच्या हाती काय पडतं यावर लक्ष हवंच, याबद्दल माझं दुमत नाही. यादीतले काही सिनेमे खरोखर किळसवाणे आहेत. पण फुशारकी मारणाऱ्या पोरांची साक्ष धरून लोकांच्या पोटापाण्यावर पोलीस धाडायचे?

२००७ साली ब्रिटनच्या त्याच सेन्सॉर मंडळाने 'डोन्ट गो इन द वुड्स' एकही कात्री न लावता पास केला. प्रमाणपत्र कोणतं? तर १५ वर्षांवरील सर्वांसाठी!

आणि २००९ मध्ये तर कहरच. लक्षात आलं, की १९८४ चा कायदा करताना त्याची रीतसर सूचना युरोपीय आयोगाला द्यायची राहूनच गेली होती. म्हणजे २५ वर्षं हा कायदा लागू करण्याजोगाच नव्हता. २०१० च्या जानेवारीत तोच कायदा घाईघाईने पुन्हा मंजूर करून घेतला. मधल्या काळात त्याखाली शिक्षा झालेल्यांना मात्र सरकारने सांगून टाकलं: शिक्षा रद्द होणार नाही, भरपाईही मिळणार नाही.