किंगरी आणि मंत्र

गाणाऱ्याच्या हातीं सुराबरोबर मंत्राचेंही सामर्थ्य दिलें, तर त्यास आवर कशाचा घालावा? हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनीं एका खेळावरून मजपुढें ठेविला. १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या मेजावर बसून खेळावयाच्या खेळांत १९७६ पासून 'बार्ड' म्हणजे भाट हें पात्र आहे. तें गातें आणि जादूही करतें. दोन्ही विद्या पुरत्या दिल्या तर इतर पात्रें निस्तेज होतात. एक काढून घ्यावी, तर भाटाचें भाटपण जातें. खेळणारांस हा हिशेबाचा प्रश्न वाटतो. मला तो इतिहासाचा वाटतो, आणि त्याच्या उत्तरासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं.

नागझिऱ्याचें अरण्य गोंदिया जिल्ह्यांत आहे. १९७० सालीं तें अभयारण्य झालें; पण हा मुलूख त्यापूर्वींपासूनच गोंडांचा. येथें सागाच्या जोडीनें ऐन वाढतो. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. मंडल्याकडील परधान या वृक्षास साजा म्हणतात व त्यांत बडादेवाचा वास मानतात. देवास जागें करण्याचें त्यांचें साधन म्हणजे बाणा, गजानें वाजविण्याचें तंतुवाद्य. आदिलाबादेकडे त्याच जातीची किंगरी आहे. परधान हे गोंडांचे भाट. यजमानांच्या वंशावळी आणि देवकथा त्यांच्या मुखीं असतात.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एका परधानाकडून उतरवून घेतलेलें लिंगोचें गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ सालीं, रिचर्ड टेंपल यांनीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत विस्तव आणावयास गेलेल्या भावाच्या जिवावर एक म्हातारा दैत्य उठतो. लिंगो झाडावर बसून वाद्य छेडतो, आणि तो म्हातारा आपल्या म्हातारीसह नाचूं लागतो. येथें सूर हाच मंत्र. त्यास मर्यादा दिसत नाहीं.

याच जिल्ह्याच्या पूर्वेस, सालेकसा तालुक्यांत, काचरगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंडांची यात्रा भरते. तेथील कथा निराळी आहे. गुहेंत कोंडलेल्या मुलांना सोडविण्यासाठीं हिरासुका किंगरी वाजवितो. शिळा मात्र सुरानें हलत नाहीं. सुरानें मुलांच्या अंगीं बळ येतें, तीं एकवटून शिळा लोटतात, आणि त्याच शिळेखालीं हिरासुका चिरडून मरतो. गाण्याचें सामर्थ्य येथें ऐकणाराच्या दंडांत उतरलें आहे, आणि त्याची किंमत गाणारानें दिली आहे.

समाजाच्या व्यवस्थेंतही हाच तोल आढळतो. फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनीं १९४८ सालीं आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील व्यवस्थेंत कुळाच्या देवाची कथा गावी ती परधानानें. पूजेचा अधिकार मात्र कटोड्याचा. परधानावांचून विधि पुरा होत नाहीं, तरी पंक्तीला त्याचें स्थान यजमानाच्या खालचें, आणि उपजीविका यजमानाच्या देण्यावर. शामराव हिवाळे यांच्या १९४६ च्या ग्रंथांत नर्मदाकांठचे परधान ठराविक वर्षांनीं यजमानाच्या दारीं जाऊन आपला हक्क मागतांना दिसतात.

या व्यवस्थेंत न्याय होता असें मी म्हणत नाहीं. ज्याच्या मुखीं कुळाचा सारा इतिहास, त्यास पंक्तीबाहेर बसविणें हा अन्यायच. परंतु तिच्यांत एक गोष्ट खरी होती: गाणारा आणि ऐकणारा यांस एकमेकांवांचून गति नव्हती. आज परधानांचीं मुलें शाळेंत शिकून त्या पंक्तींतून बाहेर पडतात, आणि तें योग्यच आहे. पण त्यांच्या हातची किंगरी सुटली, तर ती केवळ त्यांचीच हानि नव्हे. ज्या यजमानानें धान्य व वस्त्र देऊन आपलें ऋण फिटलें असें मानलें, त्याची स्वतःची वंशावळही तिच्याबरोबर मुकी होईल.

म्हणून विद्यार्थ्यांस मीं इतकेंच सुचविलें कीं, तुमच्या भाटाची जादू कमी करूं नका. त्याच्या गाण्यानें शिळा हलवूं नका. शिळा लोटणारांस बळ द्या, आणि तो स्वतः कोठें उभा आहे हें एकदां पाहा.